लीडस्क्रूची बेअरिंग कशी बसवायची: घरी बांधलेल्या राउटर आणि मिलिंग मशीनसाठी

घरी बांधलेल्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) राउटरवर गोल खिसा कापला आणि दिशा बदलते त्या चार जागी बारीक पायरी दिसली, की पहिला संशय स्क्रूवरून सरकत टेबल हलवणाऱ्या नटावर जातो. मग दुहेरी नट मागवला जातो, तो बसवला जातो, आणि पायरी तशीच राहते. याचं कारण पुष्कळदा नटात नसतंच. अख्खा स्क्रूच आपल्या बेअरिंगमध्ये पुढे-मागे सरकत असतो. स्क्रू ०.०८ मिमी सरकला तर टेबल ०.०८ मिमी चुकलं, नट कितीही भारीतला असो. म्हणून माझं ठाम मत असं, की नटावर पैसे घालण्याआधी बेअरिंगवर वेळ घालावा.

उदाहरणासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा १६०५ बॉलस्क्रू धरू: १६ मिमी व्यास, ५ मिमी पिच, लांबी साधारण १ मीटर, आणि त्याला नेमा २३ मापाची स्टेपर मोटर. ट्रॅपेझॉइडल आट्यांच्या लीडस्क्रूलाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

या स्क्रूवर जोर किती येतो, तेही एकदा पाहू. २ न्यूटन-मीटरची मोटर ५ मिमी पिचचा स्क्रू फिरवते तेव्हा, ९० टक्के कार्यक्षमता धरली, तर स्क्रूच्या लांबीच्या दिशेने सुमारे २,२५० न्यूटन, म्हणजे जवळपास २३० किलो वजनाइतका रेटा तयार होऊ शकतो. रोजच्या कापणीत इतका येत नाही, पण टेबल एखाद्या क्लॅम्पवर आदळलं तर येतो. हा सगळा रेटा पेलणारी एकच जागा असते: पक्क्या टोकाचं बेअरिंग आणि ते धरणारं हाऊसिंग, म्हणजेच ब्लॉक.

आधी खेळ (नको असलेली मोकळी हालचाल) कुठे आहे ते शोधा

मशीन उभं असेल तर काही उघडण्याआधी ही तपासणी करा. स्क्रूच्या टोकाला सेंटर ड्रिलचं भोक असतं. त्यात थोडं ग्रीस भरून बेअरिंगची ५ किंवा ६ मिमीची एक गोळी चिकटवा. डायल इंडिकेटर (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) मॅग्नेटिक बेसवर लावून त्याचं टोक, शक्यतो सपाट, या गोळीवर टेकवा. मशीनचा पाया ॲल्युमिनियमचा असेल तर मॅग्नेट धरणार नाही, तेव्हा एखादी लोखंडी पट्टी आधी बोल्टने बसवून घ्या. आता मोटरला वीज देऊन स्क्रू जागच्या जागी धरून ठेवा आणि टेबल हाताने जोर लावून पुढे-मागे ढकला.

डायलचा काटा हलला, तर तेवढा खेळ बेअरिंगमध्ये किंवा ब्लॉकच्या लवचिकतेत आहे. नेमका कशात, ते कळायला दुसरी डायल थेट ब्लॉकच्या अंगावर लावा. ब्लॉकच हलत असेल तर बेअरिंग बदलून उपयोग नाही, खालची प्लेट जाड करावी लागेल. स्क्रू आणि ब्लॉक दोन्ही स्थिर आहेत आणि टेबल मात्र हलतं, तरच नटाकडे किंवा नटाच्या ब्रॅकेटकडे वळा.

एक टोक पक्कं, दुसरं मोकळं

स्क्रूचं एकच टोक लांबीच्या दिशेने धरायचं. शक्यतो मोटरकडचं. दुसऱ्या टोकाला बेअरिंग असतं, पण ते स्क्रूला फक्त रेषेत ठेवतं, लांबीच्या दिशेने त्याला सरकायची मुभा असते.

दोन्ही टोकं आवळली तर जास्त भक्कम होईल असं वाटतं. पण स्टील १ मीटरला दर अंश सेल्सिअसमागे साधारण ०.०११ ते ०.०१२ मिमी वाढतं. स्क्रू नटाच्या घर्षणाने १० अंश तापला तर १ मीटरमागे ०.११ मिमी लांब होतो. ॲल्युमिनियम याच्या दुप्पट, दर अंशाला ०.०२३ मिमी वाढतं. पाया ॲल्युमिनियम प्रोफाइलचा असेल तर डिसेंबरातली सकाळ आणि मे महिन्यातली दुपार यांत २० अंशांचा फरक पडला, की पाया आणि स्क्रू यांच्या लांबीतच १ मीटरमागे ०.२ मिमीच्या वर तफावत होते. दोन्ही टोकं आवळलेली असतील तर ही तफावत बेअरिंगच्या गोळ्यांवर येते, नाहीतर स्क्रू वाकतो. मोठ्या औद्योगिक मशीनवर दोन्ही टोकं पक्की करतात, पण तिथे स्क्रू मोजून ताणून बसवलेला असतो आणि तो ताण पेलणारं बीडाचं अंग असतं. घरच्या मशीनवर त्या वाटेला जाऊ नये.

दुसरं टोक पूर्ण अधांतरी सोडणंही लांब स्क्रूला चालत नाही. ठरावीक वेगाच्या वर स्क्रू उडीच्या दोरीसारखा झोके घ्यायला लागतो. १६०५ च्या आट्यांच्या तळाचा व्यास साधारण १३ मिमी धरला आणि आधाराची लांबी १ मीटर, तर नेहमीच्या सूत्राने सुरक्षित वेग असे येतात: एक टोक पक्कं आणि दुसरं अधांतरी असेल तर सुमारे ४४० आरपीएम, दोन्हीकडे साधा आधार असेल तर सुमारे १,२६०, एक पक्कं आणि दुसऱ्याला आधार असेल तर सुमारे १,९६०. शेवटच्या मांडणीत टेबल मिनिटाला ९.८ मीटरपर्यंत पळू शकतं. घरच्या राउटरला ते भरपूर झालं. लांबी दुप्पट केली तर वेग चौथाईवर येतो, हे दीड-दोन मीटरचं मशीन बांधणाऱ्यांनी स्क्रू मागवण्याआधीच पाहावं.

थ्रीडी प्रिंटरच्या उभ्या ८ मिमी स्क्रूला मात्र वरचं टोक मोकळं सोडलेलं बरं. लांबी कमी, वेग कमी, आणि वर जबरदस्तीने धरलं तर स्क्रूचा बाक थेट छापलेल्या भिंतीवर उमटतो.

बेअरिंग कोणतं घ्यायचं

साधं डीप ग्रूव्ह बेअरिंग, म्हणजे ६००१ किंवा ६०८, एकटं पक्क्या टोकाला पुरत नाही. त्यात व्यासाच्या दिशेने काही मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. १२ मिमी बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, नेहमीच्या बेअरिंगला ती ३ ते १८ मायक्रॉन असते, आणि लांबीच्या दिशेने त्याच्या अनेक पट होते. नवं कोरं बेअरिंगसुद्धा काही शतांश मिलिमीटर सरकतं. दुकानदार मोटरसाठी खपणारं सी३ बेअरिंग हातात देतो, त्यात ही मोकळीक आणखी जास्त. नंबरपुढे सी३ लिहिलं असेल तर या कामाला घेऊ नका.

थ्रस्ट बेअरिंगची जोडी, उदाहरणार्थ ५११०१, हा जुना आणि अजूनही चांगला मार्ग आहे, विशेषतः हाताने फिरवायच्या मिलिंगच्या स्क्रूला. हाऊसिंगच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक बसतं आणि मध्ये स्क्रूला रेषेत धरायला बुश किंवा साधं बेअरिंग लागतंच. याच्या दोन वॉशर सारख्या दिसतात पण नसतात: एकीचं भोक १२ मिमी, ती शाफ्टवर बसते, दुसरीचं १४ मिमी, ती हाऊसिंगला टेकते. उलट बसली तर शाफ्ट वॉशरमध्ये घासत राहतो.

सीएनसीला मात्र अँग्युलर कॉन्टॅक्टची, म्हणजे गोळ्या तिरक्या कोनात टेकतात अशा बेअरिंगची, जोडी घ्या. १२ मिमी शाफ्टला ७००१, माप १२ बाय २८ बाय ८. हे बेअरिंग एकटं एकाच दिशेचा रेटा घेतं, म्हणून दोन समोरासमोर किंवा पाठीला पाठ लावून बसवायची असतात. नंबरापुढचं अक्षर पाहा: सी म्हणजे १५ अंशांचा कोन, ए म्हणजे ३०, बी म्हणजे ४०. स्क्रूसाठी कोन जितका मोठा तितका चांगला. १५ अंशांचं बेअरिंग स्पिंडलसाठी असतं.

तयार ब्लॉक घेतला तरी उघडून पाहा

१६०५ ला बहुतेक जण बीके१२ आणि बीएफ१२ हे तयार ब्लॉक घेतात, आणि ते योग्यच आहे. पक्क्या टोकाच्या बीके१२ मध्ये १२ मिमीची दोन बेअरिंग, दोन कॉलर, झाकण आणि एम१२ बाय १ आट्यांचा (१२ मिमी व्यास, १ मिमी पिच) चेकनट, म्हणजे बेअरिंग आवळून धरणारा नट, येतो. मोकळ्या टोकाच्या बीएफ१२ मध्ये एक ६००० बेअरिंग आणि सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी). बीएफ मध्ये बेअरिंगची आतली रेस (गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) सर्क्लिपने स्क्रूवर अडकते आणि बाहेरची रेस हाऊसिंगमध्ये सरकते. म्हणून ती बोटाच्या जोराने सरकायलाच हवी. घट्ट असेल तर बोअरला बारीक एमरी मारा. तिथे लॉकटाइट (भाग चिकटवून धरणारा गोंद) घातलं की मोकळं टोक मोकळं राहत नाही.

बीके१२ हातात आला की झाकणाचे चार स्क्रू काढा आणि दोन गोष्टी बघा. पहिली, आत बेअरिंग कोणतं आहे. स्वस्त ब्लॉकमध्ये पुष्कळदा साधी डीप ग्रूव्ह घातलेली असतात. सील नसलं तर नुसत्या नजरेने कळतं: अँग्युलर कॉन्टॅक्टच्या बाहेरच्या रेसची एक कड जाड आणि दुसरी बारीक असते, डीप ग्रूव्हच्या दोन्ही कडा सारख्या. सील असेल तर नंबर वाचा, ६ ने सुरू होणारा नको. बदलायचं झालं तर माप तेच असल्यामुळे ७००१ ची जोडी सरळ बसते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात भोसरीला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरच्या आसपास बेअरिंगच्या दुकानात चौकशी करा, आणि शक्य असेल तर जुळवलेली जोडी मागा.

दुसरी गोष्ट झाकणाची. झाकण बाहेरच्या रेसवर दाबून बसलं पाहिजे. झाकणाचे स्क्रू हलकेच आवळल्यावर झाकण आणि ब्लॉक यांच्यामध्ये ०.०५ ते ०.१ मिमीची फट राहायला हवी. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा. फटच नसेल तर झाकण ब्लॉकला टेकलं आहे आणि आतली बेअरिंग सैल आहेत. मग रेस आणि झाकण यांच्यामध्ये शिमची, म्हणजे पातळ पत्र्याची, रिंग घाला. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी असतो आणि या कामाला चालतो. मी पाहिलेल्या ब्लॉकमधला निम्मा खेळ एवढ्यानेच जातो.

स्क्रूची टोकं

टोकं लेथवर टर्न करून मिळत असतील तर तशीच मागवा. बॉलस्क्रूचा पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप) इतका कडक असतो, हायस्पीड स्टीलचं टूल त्यावर घसरतं. करायचंच झालं तर आधी ग्राइंडरने वरचा कडक थर काढावा आणि मग कार्बाइड इन्सर्टने कापावं. टर्नरला तीन गोष्टी आधी सांगून ठेवा. स्क्रू थेट तीन-जॉ चकात धरायचा नाही, चिरलेल्या बुशमध्ये धरून डायलने ०.०२ मिमीच्या आत आणायचा. बेअरिंगची सीट (बेअरिंग बसतं तो भाग), आटे आणि मोटरला जोडणाऱ्या कपलिंगचं टोक एकाच सेटिंगमध्ये करायचं. आणि नट स्क्रूवरून उतरवायचा असेल तर पोकळ नळीवरच सरकवायचा, नाहीतर गोळ्या जमिनीवर सांडतात.

सीट ११.९९ ते १२.०० मिमी असावी. वर्नियरवर हे समजत नाही, मायक्रोमीटरच लागतो. शोल्डरकडेही, म्हणजे व्यास बदलतो तिथल्या पायरीकडेही, लक्ष द्या. १६ मिमीच्या स्क्रूवर १२ ची सीट केली की शोल्डर जेमतेम २ मिमीचा उरतो आणि तोही गोळ्यांच्या खाचेने तुटलेला असतो. बेअरिंग त्याच्यावर थेट टेकवलं तर तिरकं बसतं. ब्लॉकसोबत येणारी कॉलर याचसाठी असते. स्वतः करणार असाल तर तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर हव्यात.

हाऊसिंग स्वतः करायचं असेल तर

२५ ते ३० मिमी जाडीची एमएस (साधं स्टील) किंवा ॲल्युमिनियमची प्लेट घ्या. २८ मिमीच्या बेअरिंगला बोअर २८.०० ते २८.०२ मिमी ठेवा. दोन्ही बेअरिंगचा बोअर आरपार, एकाच सेटिंगमध्ये करा आणि तळाचा शोल्डर त्याच वेळी फेस करा. शोल्डर फक्त बाहेरच्या रेसला टेकावा, आतल्या रेसला किंवा सीलला नाही. पक्क्या आणि मोकळ्या टोकाच्या प्लेटा एकत्र डॉवेलने (जागा पक्की करणाऱ्या गोल पिनांनी) जोडून तळ आणि एक बाजू एकदमच मिल केली, आणि मध्यबिंदूचं भोकही त्याच वेळी पाडलं, तर पुढे रेषेत आणण्याचं अर्धं काम इथेच होतं.

जोडणी आणि प्रीलोड

बेअरिंगचं पाकीट जोडायच्या क्षणीच फोडा. कारखान्यातलं तेल धुऊ नका. उघड्या बेअरिंगमध्ये लिथियम ग्रीस मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच भरा. ठासून भरलं तर ते तापतं. शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रेसवर द्यायचा, हाऊसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या. चुकीच्या रेसवर हातोडा पडला की गोळ्यांचे ठसे उमटतात आणि फिरवताना ते कायम जाणवतात. ॲल्युमिनियमचं हाऊसिंग ८० अंशांपर्यंत तापवलं तर बेअरिंग बहुतेक बोटाने आत जातं, हातोडा लागतच नाही.

सुटी ७००१ घेतली असतील तर ती पाठीला पाठ लावा: बाहेरच्या रेसच्या जाड कडा एकमेकींकडे. बाहेरच्या दोन रेसमध्ये १ मिमी जाडीची, दोन्ही बाजू समांतर असलेली रिंग घाला. आतल्या दोन रेस त्यामुळे एकमेकींपासून दूर राहतात, आणि चेकनट त्यांना जवळ ओढतो तसा खेळ संपत जाऊन प्रीलोड, म्हणजे गोळ्यांवरचा कायमचा हलका दाब, येतो. जुळवलेल्या जोडीत हे अंतर कारखान्यातच घासून ठेवलेलं असतं. तिथे रिंग घालू नका, जोडी आहे तशी लावून नट नीट आवळा. तयार ब्लॉकमधली जोडी समोरासमोर असेल, तर प्रीलोड झाकणाने बाहेरच्या रेस दाबून येतो. म्हणूनच वर झाकणाच्या फटीवर इतकं सांगितलं.

सुट्या बेअरिंगला नट किती आवळायचा? एम१२ बाय १ चा नट पूर्ण एक वेढा फिरला की १ मिमी सरकतो, म्हणजे १ अंशाला जवळपास ३ मायक्रॉन. खेळ असतोच काही शतांश मिलिमीटरचा. त्यामुळे इथे पाव वेढा म्हणजे सत्यानाश. १५० मिमी लांब चावीचं टोक ३ मिमी हललं की साधारण १ अंश झाला, अशा हिशेबाने पुढे सरका. डायल स्क्रूच्या टोकावर ठेवा, स्क्रू पुढे-मागे ओढा, नट थोडा आवळा, पुन्हा ओढा. काटा हलायचा थांबला की आणखी २ ते ३ अंश. स्क्रू बोटांनी फिरवताना एकसारखा, मऊ विरोध जाणवला पाहिजे. जागोजागी अडखळत असेल तर प्रीलोड जास्त झाला आहे किंवा बेअरिंग तिरकं बसलं आहे.

मग नटाचा ग्रब स्क्रू आवळा, त्याच्याखाली पितळेचा छोटा तुकडा असावा म्हणजे आटे चेचत नाहीत. ग्रब आवळताना नट आट्यांच्या मोकळिकीत किंचित सरकतो, त्यामुळे डायलची तपासणी पुन्हा करायची. बदल दिसला तर नट सैल करून तो हिशेब धरून पुन्हा बसवा. अर्धा तास मशीन चालवा आणि ब्लॉकला हात लावा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर प्रीलोड कमी करा.

रेषेत आणणं

इथे घाई करू नका. उत्तम बेअरिंगही ब्लॉक तिरका बसला की वर्षभरात खडखडायला लागतं, आणि टेबल एका टोकाला घट्ट, मध्ये सैल असं चालतं.

क्रम असा ठेवा. आधी टेबल ज्यांवर सरकतं ते रेल समांतर करून पक्के करा, कारण मोजमाप त्यांच्यापासूनच घ्यायचं आहे. ब्लॉकच्या बोल्टची भोकं बोल्टपेक्षा १ ते २ मिमी मोठी ठेवा. बीके, बीएफ आणि नटाचं ब्रॅकेट यांच्या मध्यबिंदूची उंची प्रत्येकाची वेगळी मोजा. तयार मिळणारी ब्रॅकेटं ब्लॉकच्या उंचीशी जुळत नाहीत, पॅकिंगची प्लेट लागते, आणि ती सरफेस ग्राइंडरवर करून घेतलेली बरी.

आता डायल टेबलावर लावा आणि टोक स्क्रूवर टेकवा. साधं गोल टोक खाचांमध्ये पडत राहील, म्हणून दोन-तीन आटे एकदम झाकेल असं १० मिमीचं सपाट टोक वापरा. वरून आणि बाजूने, दोन्ही टोकांजवळ मोजा. वरचं माप मधल्या भागात घेऊ नका: १ मीटरचा आडवा १६०५ स्वतःच्या वजनानेच मध्ये पाव ते अर्धा मिलिमीटर खाली झुकतो, आणि तो झोल काढायला म्हणून ब्लॉकखाली शिम घालत बसलात तर सगळंच बिघडेल. दोन्ही टोकांची मापं ०.०३ मिमीच्या आत जुळली की पुरे.

मग शेवटची जुळणी मशीनलाच करू द्यायची. नटाचं ब्रॅकेट टेबलाला सैल ठेवून टेबल पक्क्या टोकाजवळ आणा. तिथे नट आणि ब्लॉक सर्वांत जवळ असतात, त्यामुळे चूक लपत नाही. स्क्रू हाताने फिरवत राहा आणि ब्रॅकेट व बीकेचे बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. फिरवणं जड झालं की थांबा, कोणत्या बोल्टने जड झालं ते बघा, तिथे शिम घाला. नंतर टेबल दुसऱ्या टोकाला नेऊन बीएफ तसाच आवळा. शेवटी टेबल पूर्ण अंतर हाताने फिरवा. मोटर अजून जोडायची नाही, कारण स्टेपर स्वतःच टप्प्याटप्प्याने अडखळत फिरतो आणि बोटांना फसवतो. सगळीकडे हाताला सारखंच वाटलं, की पक्क्या ब्लॉकला दोन डॉवेल पिन मारा. नाहीतर पुढच्या वेळी बेअरिंग बदलताना हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

मोटर आणि शेवटची चाचणी

कपलिंगमध्ये मोटरचा शाफ्ट आणि स्क्रू यांच्यात १ ते २ मिमी अंतर ठेवा. मोटरच्या आतली बेअरिंग स्प्रिंग वॉशरवर बसलेली असतात, स्क्रूचा रेटा त्यांनी घेऊ नये. सर्पिल काप असलेली ॲल्युमिनियमची कपलिंग लांबीच्या दिशेने स्प्रिंगसारखी वागते. ती ताणून किंवा दाबून बसवली तर कायमचा जोर मोटरवर राहतो. जॉ कपलिंग घेतलं तर हा प्रश्न राहत नाही.

मोटर जोडल्यावर सुरुवातीची गोळी आणि डायलची तपासणी पुन्हा करा, आणि त्याच जागी दुसरी डायल टेबलावर ठेवा. १ मिमी पुढे, १ मिमी मागे असं पाच-सहा वेळा चालवून दोन्ही आकडे वहीत लिहा. स्क्रूच्या टोकाची डायल ०.०१ च्या आत राहिली तर बेअरिंगचं काम झालं. टेबलावर जे काही उरेल तो नटाचा आणि ब्रॅकेटचा हिशेब. कोकणात किंवा मुंबईत मशीन असेल तर पावसाळ्याआधी सीटच्या उघड्या भागावर आणि चेकनटाच्या आट्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवा, आणि हीच दोन मापं दर सहा महिन्यांनी त्याच पानावर खाली लिहीत चला. आकडा वाढायला लागला, की आधी झाकणाचे चार स्क्रू आणि चेकनटाचा ग्रब तपासायचा.